टॉवेलखालची दहा बोटं

भिंगरीने टायपिंग शिकायचं ठरवलं तेव्हा तिची समजूत होती की या कामाला दहा बोटं लागतात. पुढे कळलं की अख्खी इमारत लागते, वडिलांचं ऑफिस लागतं आणि एक टॉवेल लागतो. टॉवेलचं येईलच पुढे.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या हजेरीत तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे, कारण ते उच्चारून होईपर्यंत ती खोलीबाहेर गेलेली असे. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज कॉम्प्युटरवर बसायची, आणि आपल्याला टाइप करता येतं असं तिला अगदी प्रामाणिकपणे वाटायचं. उजव्या हाताची तर्जनी राब राब राबायची, डाव्या हाताची अडीअडचणीला धावून यायची, आणि बाकीची बोटं लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी नुसती बसून असायची. आता जगातली निम्मी माणसं असंच टाइप करतात आणि त्यांचं काही अडत नाही. भिंगरीचंही अडलं नसतं. अडलं ते बाबांमुळे.

बाबा पाणीपुरवठा खात्यात पंपघराचे प्रमुख होते. सगळी नोकरी पंपांच्या घरघरीत गेली. त्या पंपांनी शहराला पाणी दिलं आणि बाबांचे कान घेतले. एकट्याने समोर बसून, ओठांकडे बघू देत, जरा मोठ्याने बोललं तर त्यांना नीट कळायचं. पण चार माणसं जमली की संपलं. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून माणसाचा आवाज आणि चमचा पडल्याचा आवाज एकाच इतमामाने आत यायचा, त्यामुळे ते खणात पडून होतं. घरात हास्याचा फवारा उडाला की बाबा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत विचारायचे, "काय झालं? काय म्हणाली ती?" आणि कुणीतरी डोळे पुसत म्हणायचं, "काही नाही, असंच. नंतर सांगते."

ते नंतर काही यायचं नाही. यात वाईट कुणीच नव्हतं बरं का. पण हसण्याची गोष्ट चहासारखी असते, गार झाली की पुन्हा गरम करून देण्यात कुणाला राम वाटत नाही. हळूहळू बाबांनी विचारणं सोडलं. मग बसणंही सोडलं. पाहुणे आले की ते गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालत. पाहुणे फार यायचे, त्यामुळे बरीच झाडं कुजली.

अशात बाबांच्या निवृत्तीची तारीख जवळ आली आणि खात्याने निरोप समारंभ करायचं ठरवलं. जेवताना बाबांनी सांगून टाकलं की मी जाणार नाही. बाबांचा आवाज पंपांवर मात करण्यात तयार झालेला, त्यामुळे हा निर्णय तळमजल्यापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी कळला. "तिथे माझ्याबद्दल बोलतील, लोक हसतील, टाळ्या वाजवतील, आणि मी फोटोसारखा बसून राहू? त्यापेक्षा घरी बसतो."

आईने हातातला डाव पातेल्यात परत ठेवला. दादा, म्हणजे भिंगरीचा मोठा भाऊ, ताटातल्या भाताकडे बघायला लागला. आणि भिंगरी, जिच्या तोंडातून शब्द आधी बाहेर पडतात आणि विचार मागून धापा टाकत येतो, ती म्हणाली, "मी पडद्यावर टाइप करीन बाबा. मोठ्या अक्षरांत. तिथे जो जे बोलेल ते सगळं."

"सगळं?" बाबांनी विचारलं.

"सगळं. एक शब्द सोडणार नाही."

"मग येतो," बाबा म्हणाले, आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले.

दादाने लगेच परीक्षा घेतली. फोनमधलं बोललेलं आपोआप लिहिणारं साधन त्याने समारंभ ठरला तेव्हाच खात्याच्या सभागृहात नेऊन पाहिलं होतं, पण तिथला आवाज इतका घुमतो की ते बिचारं काहीच न लिहिता नुसतं लुकलुकत राहिलं. तेव्हा भिंगरीशिवाय इलाज नव्हता. दादाने साध्या बोलण्याच्या वेगाने निरोपाचं भाषण ठोकायला सुरुवात केली. तो पगारवाढीवर पोचला तरी भिंगरी अजून "सन्माननीय"मधल्या "न"च्या शोधात होती. आई हसली, दादा हसला, भिंगरीला स्वतःलाच हसू आवरेना. बाबांनी दारातून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही बाबा, नंतर सांगते," भिंगरी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःचाच असा राग आला की तिने दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासायच्या आधी, स्टेनोकाकांच्या दारावरची बेल दाबली.

स्टेनोकाका समोरच्या बिऱ्हाडात राहत. आयुष्यभर मोठमोठ्या साहेबांची भाषणं टिपून घेतलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांच्यापाशी टिपण्याजोगं कुणी बोलेना, त्यामुळे ते जरा उदास असत. भिंगरीचं म्हणणं ऐकताच त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी तिची बोटं बघायला मागितली, डॉक्टरने जीभ बघावी तशी बघितली, आणि करंगळ्या अशक्त आहेत असं निदान केलं. मग कळफलकावर हात ठेवून दाखवला. मराठीत डाव्या हाताला काने, मात्रे, वेलांट्या. उजव्या हाताला व्यंजनं. उजव्याने भाजी टाकायची, डाव्याने मीठ-मसाला, आणि दोघांनी एकमेकांची वाट बघायची नाही. पहिला धडा मधल्या ओळीचा, कारण बोटं तिथे मुक्कामाला असतात. "परत करत, परत करत" असं ती आठवडाभर टाइप करत होती आणि ते वाक्य तिच्या परिस्थितीला इतकं लागू होतं की काकांनी मुद्दाम निवडलं असावं.

"एकच नियम," काका म्हणाले. "खाली बघायचं नाही."

भिंगरी खाली बघायची. बघायचं नाही असं ठरवून बघायची. ही गोष्ट जिन्यात कळली आणि सल्ल्यांना पूर आला. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मान ताठ ठेव, दात आपोआप चांगले राहतील. याचा टायपिंगशी काय संबंध ते त्यांनी सांगितलं नाही. गच्चीवरच्या टाकीची देखभाल बघणाऱ्या काकूंचं मत पडलं की सगळा दोष खुर्चीचा आहे, आणि त्यांनी स्वतःची खुर्ची आणून दिली, जी आल्या दिवशी डावीकडे कलली. पण खरा घाला घातला तो मावशीने. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, कोपऱ्यावर ब्यूटी पार्लर चालवते, आणि कुठल्याही अडचणीवर तिच्यापाशी एक बाटली असतेच. ती आली, कळफलकाकडे बघितलं, पर्स उघडली, आणि सगळी अक्षरं गडद लाल नेलपॉलिशखाली गाडून टाकली. दोन हात दिले, वर फुंकरही मारली. "आता बघ काय बघतेस ते," म्हणाली.

उपाय बिनतोड होता, फक्त कॉम्प्युटर घरात एकच होता. दादाला त्या दिवशी वरिष्ठांना रजेबद्दल पत्र पाठवायचं होतं. त्याने अंदाजाने कळा दाबल्या आणि अंदाजानेच पाठवलं. वरिष्ठांचं उत्तर आलं की तुमची तब्येत बरी दिसत नाही, हवी तितकी रजा घ्या. दादाचा राग तिथेच निवला. आईला मात्र निवण्याचं कारण नव्हतं. ती आठवडाभर कॉम्प्युटरवरच्या वीजबिलाच्या खिडकीत काहीबाही भरत होती आणि खिडकी तिला उद्धटपणे "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत होती.

तरीही भिंगरी चोरून बघायचीच. रंगाच्या कडेतून अक्षराचं शेपूट दिसलं की तिचे डोळे तिथे धावायचे. तेव्हा काकांनी ठेवणीतलं शस्त्र काढलं. त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या गुरूंनी त्यांच्या हातांवर टाकलं होतं ते. काका म्हणाले, टॉवेल आण.

निळ्या चौकड्यांचा, बाबांचा आंघोळीचा जुना टॉवेल होता. काकांनी तो तिच्या हातांवर, कळफलकासकट, अंथरला. आणि काय सांगावं, टॉवेलखालच्या त्या अंधारात भिंगरीच्या बोटांना शहाणपण सुचलं. पहिल्यांदा नुसता गोंधळ, मग एक शब्द, मग एक ओळ, आणि एका संध्याकाळी काका वर्तमानपत्र वाचून दाखवत असताना तिच्या लक्षात आलं की आपण अक्षरं शोधत नाही आहोत, ती आपली आपण येतायत. करंगळी, जिला आजवर कान खाजवण्यापलीकडे काही काम नव्हतं, ती मात्रे देत होती. अनामिका "त" देत होती आणि न सांगता देत होती. भिंगरी ओरडलीच. टॉवेल डोक्यावर घेऊन ती घरभर नाचली, आईला गरागरा फिरवलं, दादाच्या पाठीवर "सन्माननीय" टाइप करून दाखवलं. झोपेतही तिची बोटं चादरीवर चालत. आपल्या हाताला हे येतंय या आनंदाची तिला अशी चटक लागली की ती बसस्टॉपवरच्या पाट्या मांडीवर टाइप करायची, शेजारचे सरकून बसायचे.

पण भाषण म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. काका म्हणाले, भाषणाला वेग लागतो, आणि वेगाला एकच गोष्ट आडवी येते, ती म्हणजे डोकं. "कानातून थेट बोटात. मेंदूला मधे घ्यायचं नाही. तो अर्थ लावत बसतो आणि गाडी चुकते." त्यासाठी गर्दीच्या आवाजात सराव हवा, असं त्यांनी फर्मान काढलं. आई डावीकडून शेजारणीशी बोलायची, दादा उजवीकडून क्रिकेटचं समालोचन वाचायचा, मावशी फोनवर गिऱ्हाइकांना वेळा द्यायची, काका मधोमध उभे राहून एखाद्या जुन्या साहेबाचं भाषण ठोकायचे, आणि भिंगरी टॉवेलखाली सगळंच्या सगळं टाइप करायची. कोण बोलतंय हे बघायचं नाही. कानात पडलं की कागदावर पडलंच पाहिजे.

याचा पहिला परिणाम कॉलेजात दिसला. प्रयोगाचा अहवाल तिने घरी, याच पद्धतीने, टॉवेल टाकून झपाट्याने टाइप केला आणि न वाचता देऊन टाकला. आपल्या दहा बोटांवर तिचा तोवर इतका विश्वास बसला होता. बाईंनी तो भर वर्गात वाचायला घेतला. "द्रावण तापवल्यावर त्याचा रंग निळा झाला आणि ओला टॉवेल गादीवर टाकू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला. तळाशी साका बसला. त्या निळ्या परकराला इस्त्री राहिलीय." बाईंनी चष्मा काढून विचारलं की हा साका नेमका कशाचा. वर्ग लोळायचा तेवढा लोळला. भिंगरीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण जमीन फरशीची होती. घरी येऊन तिने काकांना झाला प्रकार सांगितला. तिला वाटलं ते दुरुस्ती सुचवतील. काकांनी अहवाल दोनदा वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकही शब्द सुटला नाही," ते म्हणाले. "माझ्या पुऱ्या नोकरीत असं कुणाला जमलं नाही." आता गुरूच असं म्हटल्यावर शिष्याने काय करावं? तिने ते कौतुक समजून खिशात टाकलं.

तिकडे खात्यात वेगळंच रामायण. पडद्याची परवानगी काढायला भिंगरी बाबांच्या ऑफिसात गेली तेव्हा तिची गाठ भांडारपालांशी पडली. खात्याच्या सगळ्या सामानाची किल्ली ज्यांच्या कमरेला असते ते गृहस्थ. अत्यंत मऊ बोलायचे आणि काहीही द्यायचे नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की प्रोजेक्टर भांडाराचा आहे, पडदा प्रशिक्षण विभागाचा आहे, आणि दोघांना जोडणारी तार कुठल्याच विभागाच्या नावावर नाही, सबब ती अस्तित्वात नाही. ती तार त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होती. भिंगरीने बोट दाखवलं. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. शेवटी, नसलेली तार नेली तर नेल्याची नोंद करावी लागणार नाही, हा मुद्दा तिने काढला आणि तो त्यांना मनापासून पटला.

मग प्रश्न खुर्चीचा निघाला. सभागृहात पडदा व्यासपीठाच्या पाठीमागे उंचावर टांगलेला, कॉम्प्युटर व्यासपीठावरच्या लांब टेबलाखाली, आणि घरचा तो नेलपॉलिशवाला कळफलक जोडला तर त्याची वायर पोचायची टेबलाच्या बरोब्बर मधल्या खुर्चीपर्यंत. दुसऱ्या कळफलकाला भिंगरी तयार नव्हती, तिच्या बोटांची याच्याशी ओळख झाली होती. पण भांडारपाल म्हणाले, व्यासपीठावर एकतर मान्यवर असतात नाहीतर साहित्य असतं. तुम्ही यातल्या कोण? भिंगरीने स्वतःकडे बघितलं. मान्यवर म्हणण्यासारखं तिच्यात काही दिसेना. तेव्हा मुख्य अभियंता आणि उपअभियंता यांच्या मधोमध, फुलदाणी आणि पाण्याच्या तांब्याबरोबर, तिची नोंद साहित्य म्हणून झाली. सुस्थितीत परत करण्याच्या अटीवर. हा अपमान तिने बाबांसाठी गिळला, पण दादा पुढे कितीतरी दिवस तिला पुसायचं फडकं घेऊन विचारायचा की आज साहित्यावरची धूळ झटकायची का.

समारंभाचा दिवस उजाडला. बाबांनी इस्त्रीचे कपडे घातले, आरशात बघितलं, काढले, आणि पुन्हा घातले. ते येतायत या आनंदात भिंगरी पायऱ्या दोन-दोन उतरत होती. काका आपल्या पहिल्या नोकरीच्या वेळचा कोट घालून आले होते, त्याची बटणं लागत नव्हती. सगळे सभागृहात पोचले, तार जोडली, पडदा उजळला, भिंगरी दोन साहेबांच्या मधे जाऊन बसली, पिशवीत हात घातला, आणि पिशवी उलटी करून झटकली. टॉवेल नव्हता.

आईने सकाळी धुवून वाळत घातला होता. चारचौघांत मळका टॉवेल न्यायचा का, असं आईचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं, फक्त टॉवेल ओला होता आणि दोरीवर होता. भिंगरीने उघड्या हातांनी टाइप करून बघितलं. काही म्हणता काही येईना. समोर लाल रंगाच्या कोऱ्या कळा, त्यांच्यावर तिचीच बोटं, आणि त्या बोटांकडे ती बघतेय हे कळताच बोटं गांगरून गेली. पडदा वाचता यावा म्हणून बाबा व्यासपीठावर न बसता पहिल्या रांगेत बसले होते. ते तिच्या डोक्यावरच्या पडद्याकडे बघत होते. पडदा कोरा होता. बाबांनी नजर खाली आणली आणि तिच्याकडे बघून हसले, म्हणजे असू दे गं असं हसले. ते हसणं तिला अजिबात सहन झालं नाही.

टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड हिरवं कापड होतं. भिंगरीने कळफलक मांडीवर घेतला, कापडाचं टोक ओढलं, आणि मनगटांपर्यंत हात आत घातले. वरची फुलदाणी तिच्या दिशेने चार बोटं सरकली, पण आत अंधार झाला, आणि अंधारात दहाही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.

उपअभियंत्यांनी स्वागताचं भाषण सुरू केलं आणि भिंगरीच्या बोटांनीही. तिला पडदा दिसत नव्हता, तो पाठीमागे होता. तिला बाबा दिसत होते. बाबांचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, मग खाली उतरून परत डावीकडून. ते वाचत होते. एका ठिकाणी त्यांनी मान डोलावली, एका ठिकाणी हसले, आणि तेही सगळे हसले तेव्हाच हसले, मागून नव्हे. भिंगरीला वाटलं आता उडी मारावी. काका तिसऱ्या रांगेत उभेच राहिले होते, मागचे त्यांना बसायला सांगत होते. बाकी लोक पडद्याकडे फारसं बघत नव्हते. ज्यांना ऐकू येतं ते कशाला वाचतील?

मग मुख्य अभियंता माइकपाशी गेले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. उपअभियंता खुर्चीत येऊन बसले. भांडारपाल मागून वाकून त्यांच्या कानाशी लागले. म्हणजे भिंगरीच्याही कानाशी लागले, कारण ती मधे होती आणि साहित्यासमोर कुणी आवाज दाबत नाही. मुख्य अभियंता म्हणाले की यांची सेवा म्हणजे अखंड वाहणारा झरा. इकडे उपअभियंता पुटपुटले. भिंगरीने माइकचंही टाइप केलं, पुटपुटलेलंही टाइप केलं. मेंदूला मधे घेतलं नाही.

पहिल्या रांगेत बाबा खो खो हसले. एकटेच. मुख्य अभियंत्यांना वाटलं झऱ्याचं वाक्य आवडलं, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मग म्हणाले, यांच्या कारकिर्दीत मोठा पंप एकदाही बंद पडला नाही. पुन्हा इकडे कुजबुज झाली, जरा लांबलचक, आणि भांडारपालांनी तीत आपलीही भर घातली. भिंगरीची बोटं पाण्यासारखी चालली होती. आता बाबांनी हसता हसता डोक्याला हात लावला, डोळे पुसले, गुडघ्यावर थाप मारली. आईने त्यांची बाही ओढली. "अहो, काय झालं?" शेजारचे वाकले, काय झालं? मागची रांग पुढे झुकली, काय झालं, काय झालं? दादाने पडद्याकडे बघितलं आणि तो खुर्चीवरून घसरला. मग एकेक मान वर गेली आणि सभागृह फुटलं.

मुख्य अभियंता थांबले. वळले. पडद्यावर जे होतं ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी हातातल्या कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि माइकवर म्हणाले, "हे खरं आहे."

यावर जो काही हशा झाला आणि ज्या काही टाळ्या पडल्या, त्यात भिंगरी एकटी कोरडी. काय खरं आहे ते तिला कळेना. मागे वळावं तर बोटं जागा सोडतील. डावीकडचे उपअभियंता दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते, भांडारपाल व्यासपीठावर दिसतच नव्हते. हसणाऱ्या एवढ्या माणसांत आपल्यालाच काही माहीत नाही, हे फार वाईट असतं, असं तिला वाटलं, आणि ती पुढे झुकून म्हणाली, "बाबा, काय झालं?"

तिच्या बोटांनी तेही टाइप केलं. बाबांनी ते तिच्या डोक्यावर वाचलं. ते उभे राहिले, आणि पंपघरातल्या आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "काही नाही, असंच. नंतर सांगतो."

लोक हसलेच, त्यांना ते उत्तर मजेचं वाटलं. आई हसली नाही. दादाही हसला नाही. आईने पदर तोंडाला लावला आणि बाबांच्या हातावर आपला हात ठेवला. भिंगरीची बोटं थांबली नाहीत, आणि बाबांचं वाक्य पडद्यावर उमटून तिथेच राहिलं. त्यानंतर मुख्य अभियंता कागदाशिवाय बोलले, बराच वेळ बोलले, आणि म्हणतात की त्या खात्यात असं भाषण आधी कधी झालं नव्हतं.

परतताना बाबांनी शब्द पाळला. चौघं रस्त्याने चालत होती, काका मागून कोट सावरत येत होते. बाबा मधोमध चालत सगळं सांगत होते. उपअभियंता आधी पुटपुटले ते असं की हे भाषण मागच्या निरोपाचंच आहे, माणूस तेवढा बदललाय. आणि पंपाच्या वाक्यावर ते म्हणाले, मोठा पंप बंद पडला होता की. साहेबांनीच, म्हणजे मुख्य अभियंत्यांनीच, चुकीचं बटण दाबलं होतं, उपअभियंता स्वतः तिथे होते, बाबांनी दोष फ्यूजवर ढकलला आणि आजवर कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. यावर भांडारपाल म्हणाले होते की तो चांगला फ्यूज तेव्हा निष्कारण बाद करावा लागला, आणि भाषण लवकर आटपलं तर बरं, साहित्य मोजून घ्यायचंय.

भिंगरी रस्त्यातच उभी राहिली. "हे सगळं मी टाइप केलं?"

"सगळं म्हणाली होतीस," बाबा म्हणाले. ते थांबले, तिच्या दोन्ही हातांची बोटं आपल्या हातात घेतली. "भाषण काय, कुणीही लिहून दिलं असतं गं. शेजारचा काय पुटपुटतो ते मला कोण सांगणार होतं? इतक्या वर्षांत मला तेच हवं होतं, भिंगरे." मागून काका म्हणाले की एकही शब्द सुटला नाही, आणि नाक शिंकरलं.

बाबांनी पुन्हा सांगायला घेतलं. भांडारपाल फुलदाणी छातीशी धरून टेबलामागून कसे पसार झाले त्यापर्यंत ते आले होते, तेवढ्यात एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. आईचं एक वाक्य ऐकायचं राहिलं. "काय म्हणालात?" तिने विचारलं.

बाबा थांबले, तिच्याकडे वळले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.